इटलीच्या सुट्टीत फियाट ११०० डीचे सुटे भाग शोधताना: एक अनुभव आणि काही प्रश्न

डिलाइट६७ (सोलापूर)

माझ्या वडिलांनी १९७४ साली एका गिरणीच्या अधिकाऱ्याकडून घेतलेली १९६७ सालची फियाट ११०० डी, जिला आपल्याकडे ‘डिलाइट’ म्हणत, आजही मुरारजी पेठेतल्या आमच्या अंगणात उभी असते आणि रविवारी ऊन चढण्यापूर्वी विजापूर रस्त्याने एक फेरी मारून येते. इंजिन, गिअरपेटी आणि ब्रेक यांची मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंची. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचांच्या दोन्ही कड्या मोडल्या आहेत, त्या काचांभोवतीची रबरे सोलापूरच्या उन्हाने लाकडासारखी झाली आहेत आणि मागच्या एका दिव्याच्या काचेला तडा गेला आहे. गेली सहा वर्षे मी पुण्याच्या जुन्या बाजारात कधी बुधवारी तर कधी रविवारी, आणि मुंबईत कुर्ल्याच्या भंगार दुकानांतून या वस्तू शोधत आहे. ज्या मिळाल्या त्या याच गाडीच्या नंतरच्या रूपाच्या, म्हणजे पद्मिनीच्या होत्या, आणि त्या माझ्या गाडीला नीट बसल्या नाहीत.

माझी पुतणी तोरिनो, म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो, त्या शहरातील तंत्रविद्यापीठात शिकते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस दिवाळीच्या सुट्टीत तिला भेटायला जायचे ठरले, तेव्हा पत्नीने पाहावयाच्या स्थळांची यादी केली आणि मी सुट्या भागांची. घरात शांतता राहावी म्हणून असे ठरले की अकरा दिवसांपैकी दोन दिवस माझे आणि बाकीच्या दिवसांत मी कोणत्याही जुन्या मोटारीपाशी पाच मिनिटांपेक्षा अधिक थांबायचे नाही. (हा करार फ्लॉरेन्समध्ये एकदा मोडला. दोष त्या फिक्या हिरव्या रंगाच्या ‘सहाशे’चा, म्हणजे फियाट ६०० चा होता.)

पहिला दिवस शनिवारचा. तोरिनोत पोर्ता पालात्सो या मोठ्या बाजारामागच्या वस्तीत दर शनिवारी ‘बालोन’ नावाचा जुना बाजार भरतो. आपल्या मंगळवार बाजाराची सवय असलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही: जमिनीवर चादर अंथरून मांडलेले पाने, कुलपे, दिवे, रेडिओ आणि त्यांमागे बसलेला, गिऱ्हाइकाकडे न पाहणारा विक्रेता. मोटारीचे सामान मात्र तुरळक होते. ज्या गावात ही गाडी जन्मली तिथे तिचे भाग रस्त्यावर पडलेले असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात तिथे मला एक गॅस्केटचा (इंजिनाचे सांधे गळू नयेत म्हणून मध्ये घालायच्या पातळ चकत्यांचा) संच आणि एक चाकाची टोपी एवढेच मिळाले. त्या गॅस्केटविषयी पुढे सांगतो, कारण तो माझ्या मूर्खपणाचा भाग आहे.

दुपारी लिंगोत्तो पाहिले. १९२३ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात मोटार मजल्यामजल्याने तयार होत वर चढत असे आणि छतावरच्या धावपट्टीवर तिची चाचणी होई. उत्पादन १९८२ मध्ये थांबले. छतावर आता बाग आहे, पण धावपट्टीची वळणे तशीच आहेत. पत्नीला हे ठिकाण मनापासून आवडले, हे मुद्दाम नोंदवतो.

दुसरा दिवस बोलोन्याचा. जुन्या मोटारी व मोटारसायकलींचे इटलीतील मोठे प्रदर्शन पूर्वी पादोव्यात भरत असे, २०२३ पासून ते ऑक्टोबरअखेरीस बोलोन्यात भरते. तोरिनोहून वेगवान गाडीने अडीच तासांच्या आत पोहोचता येते. झगमगीत मोटारींची दालने सोडून आम्ही थेट ‘रिकांबी’, म्हणजे सुट्या भागांच्या दालनात गेलो. शेवटचा दिवस होता, विक्रेत्यांना माल परत न्यायचा नव्हता, आणि त्यामुळे घासाघीस करायला जागा होती. तिथे मला कळलेला सर्वांत उपयोगी शब्दप्रयोग ‘फोंदो दि मागात्सिनो’ हा. शब्दशः ‘गोदामाचा तळ’. अर्थ असा की त्या काळी बनलेला, कधीही न वापरलेला, गोदामात पडून राहिलेला माल. एका वृद्ध विक्रेत्याकडे मेणकागदात गुंडाळलेल्या कड्यांची जोडी निघाली. त्याने गाडी कुठली असे विचारल्यावर मी ‘कुर्ला, मुंबई’ असे सांगितले. कुर्ल्यात ही गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढणारे वालचंद हिराचंद हे आमच्या सोलापुरात जन्मलेले, हेही पुतणीने त्याला समजावून दिले. तो हसला, पण भाव पस्तीस युरोंवरून खाली आणला नाही.

आता माझे प्रश्न. कड्या बसवताना डावीकडची खीळ छिद्रात सैल बसते आहे. ती बदलावी की छिद्राला बुश, म्हणजे आतून नळीसारखे अस्तर, घालावे? आणि आणलेले रबर बसवण्याआधी काही प्रक्रिया करावी लागते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कुर्लाकर

आपला लेख आवडला, परंतु मूळ कल्पनेविषयी माझे मत वेगळे आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या २९ ऑक्टोबरला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून या टॅक्स्या रस्त्यांवर धावायच्या बंद झाल्या. या टॅक्स्यांचे भाग अजून बाजारात आहेत. किंगपिन, वॉटर पंप, क्लच प्लेट, डिस्ट्रिब्युटर, ब्रेकचे सिलिंडर, हे सारे तुम्हाला इटलीतील किमतीच्या अंशात मिळेल, आणि ते आपल्या रस्त्यांवर लाखो किलोमीटर पारखलेले आहे. हा खजिना दारात असताना परदेशात सुट्टी घालवून कड्या शोधणे मला हौसेचे वाटते, गरजेचे नाही.

डिलाइट६७ (सोलापूर)

हौस आहेच, ती नाकारत नाही. परंतु आपण दिलेली यादी पाहा: तीत एकही वस्तू डोळ्यांना दिसणारी नाही. पद्मिनीने मूळ गाडीची यंत्रणा जवळजवळ तशीच पुढे नेली, पण ग्रिल, डॅशबोर्ड, दिवे, बारीक क्रोम यांत वर्षानुवर्षे बदल होत गेले. त्यामुळे १९६४ ते १९७२ दरम्यानच्या गाडीची गत विचित्र आहे. तिचे काळीज पद्मिनीशी जुळते आणि चेहरा इटलीतल्या बहिणीशी. काळजासाठी मी आपल्याकडेच येतो, येत राहीन.

तोरिनोची_पुतणी

काकांनी गॅस्केटचा विषय ‘पुढे सांगतो’ म्हणून सोडून दिला आणि पुढे सांगितलेच नाही, म्हणून मी सांगते. बालोनमध्ये पाकिटावर ‘११०० डी’ असे स्वच्छ छापलेले होते, आणि काकांनी ते पाहताक्षणी पैसे काढले. दुसऱ्या दिवशी बोलोन्यात एका विक्रेत्याने आम्हाला गाडीचे नाव विचारलेच नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला तो ‘चिलिंद्राता?’, म्हणजे इंजिन किती सीसीचे? काकांनी १०८९ असे सांगितल्यावर तो म्हणाला, मग ती ‘डी’ नव्हे.

खरी गोष्ट अशी आहे की इटलीतील ११०० डीमध्ये, जी १९६२ ते १९६६ या काळात बनली, फियाटच्याच पूर्वीच्या १२०० ग्रानलुचे या गाडीचे १२२१ सीसीचे इंजिन आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर, ७५. कुर्ल्याच्या डीमध्ये मात्र जुने १०८९ सीसीचेच इंजिन राहिले. तिथे व्यास ६८ आणि स्ट्रोक तोच ७५. आगगाडीत मी चारही सिलिंडरांचा हिशेब कागदावर करून दाखवला तेव्हा काका बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. एकाच नावाच्या दोन गाड्या आहेत, आणि त्यांतल्या इटलीच्या डीचे हेड गॅस्केट कुर्ल्याच्या डीला लावले तर प्रत्येक सिलिंडरच्या भोवती दोन मिलिमीटरची मोकळी कड राहते. तिथे काजळी साठणार, आणि दोन सिलिंडरांमधली गॅस्केटची पट्टी अरुंद असल्यामुळे ती आधी जळणार.

पुढे आलेल्या ११०० आर या मॉडेलमध्ये इटलीनेही पुन्हा १०८९ सीसीचे इंजिन घातले, म्हणून इंजिनासाठी शोधायचेच असेल तर ‘आर’ किंवा डीच्या आधीची गाडी पाहावी. पण आरच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, तेव्हा ब्रेकसाठी तीच गाडी चालत नाही. मी मोटारींची जाणकार नाही. दोन दिवस दुभाषी म्हणून उभे राहिल्यावर एवढे आपोआप समजले.

डिलाइट६७ (सोलापूर)

घरचा भेदी लंका दहन. गॅस्केट कपाटात आहे. कोणाकडे ग्रानलुचे असल्यास फुकट देईन.

यंत्रमागवाला (अक्कलकोट रोड)

पुतणीबाईंनी लिहिलेल्यात एक भर घालतो. व्यास जुळला म्हणजे पिस्टन जुळला असे समजू नये. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, पिनची जाडी आणि माथ्याचा आकार ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत, नाहीतर कॉम्प्रेशन बदलते किंवा पिस्टन हेडला भिडतो. आरचे पिस्टन ६८ चे असले तरी हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या प्रश्नाविषयी: कडीची खीळ बदलू नका, ती मूळची आहे. छिद्र जरा मोठे करून त्यात नायलॉनचे पातळ बुश बसवा. आमच्याकडे यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी नायलॉनचे गज नेहमीच असतात, आणि मागाचे बुश कातणारा टर्नर हे काम चहा निवण्याआधी करून देईल. सोलापुरात गाड्यांचे भाग मिळत नाहीत ही तक्रार मी नेहमी ऐकतो, पण इथल्या लेथवर काय बनू शकते याचा विचार कोणी करत नाही. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यांची बुशे मी स्वतः अशीच बनवून दिली आहेत. पितळ वापरले तर उन्हाळ्यात खडखड करते, नायलॉन गप्प राहते. फक्त इंजिनच्या अंगाला लागून असलेल्या जागी नायलॉन वापरू नये.

रबराविषयी आधी हे सांगा, की आणलेले रबर नव्याने बनवलेले आहे की तेही ‘गोदामाच्या तळाचे’?

डिलाइट६७ (सोलापूर)

दोन्ही प्रकारचे आहे. त्रिकोणी काचेचे रबर नव्याने बनवलेले, मीटरवर घेतलेले आहे. दाराच्या तळाचे दोन तुकडे मात्र जुन्या साठ्यातले, मूळ खुणेसह, फार सुंदर आहेत.

यंत्रमागवाला (अक्कलकोट रोड)

ते सुंदर तुकडे भिंतीवर लावा. लोखंड, काच, क्रोम ही गोदामात साठ वर्षे पडली तरी पुसून वापरता येतात. रबर पाकिटातही म्हातारे होते. पहिल्या उन्हाळ्यात ते फुटेल. याच कारणाने गाडीतल्या पेट्रोल पंपाचे जुन्या साठ्यातले डायफ्राम (पंपातले रबरी पडदे) कोणी आणू नयेत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगते किंवा चिरते. डायफ्राम आणि पेट्रोलची नळी या दोन वस्तू नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात. आधीच आपल्या मे महिन्यात या गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि ओले फडके गुंडाळून रस्त्याच्या कडेला बसावे लागते. त्यात गळकी नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

कंबर_तलाव

मी दोन वर्षांपूर्वी एका परदेशी विक्रेत्याकडून घरबसल्या पुढचे दिवे मागवले. चित्र एका वस्तूचे, आली दुसरी. परत पाठवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त निघाला. शिवाय कुरिअरने आलेल्या मालावर आयात शुल्क आणि त्यावर आयजीएसटी भरावा लागला तो वेगळाच. तेव्हा स्वतः जाऊन, हातात घेऊन, मोजून आणणे हेच खरे, असे माझे मत झाले आहे. पण सामानातून आणताना सीमाशुल्काचे काय केलेत? आणि वजनाचे?

डिलाइट६७ (सोलापूर)

आमच्या प्रवासाच्या वेळी युरोपातून परतणाऱ्या रहिवाशाला पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येत होत्या आणि त्यावरच्या रकमेवर साडेअडतीस टक्के शुल्क होते. महत्त्वाचे हे की ही सवलत माणशी आहे आणि कुटुंबात एकत्र करता येत नाही. म्हणजे एक लाखाची एकच वस्तू दोघांच्या नावे दाखवता येत नाही. माझी सगळी खरेदी मिळून मर्यादेच्या पुष्कळ आत होती. तरीही प्रत्येक वस्तूची पावती हातातल्या पिशवीत ठेवली होती, कारण मेणकागदात गुंडाळलेले धातूचे तुकडे क्ष-किरण यंत्रात काय दिसतील याची खात्री नव्हती. जाण्यापूर्वी तेव्हाचा नियम प्रत्येकाने स्वतः पाहावा.

विमानाचा नियम त्याहून कडक आहे. शॉक अॅब्सॉर्बरमध्ये दाबाखालचा वायू असू शकतो, आणि कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंप एकदा वापरलेला असेल तर त्यात इंधनाचा अंश राहतो. या वस्तू धोकादायक मालात मोडतात. मला एक सुरेख कार्ब्युरेटर दिसला होता, तो याच कारणाने सोडला. व्हर्नियर कॅलिपर जाताना-येताना दोन्ही वेळा मोठ्या बॅगेत ठेवला. वजनासाठी पत्नीच्या बॅगेत चार किलोंची जागा उसनी घेतली आणि त्या बदल्यात जाताना तीत भरलेल्या शेंगदाणा चटणीची आणि कडक भाकरीची पाकिटे तोरिनोत रिकामी केली.

कंबर_तलाव

दिव्यांविषयी एक सावधगिरी. मी मागवलेल्या दिव्यांतला दुसरा दोष गाडीला बसवल्यावर रात्री कळला. इटलीत गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या अनेक दिव्यांचा खालचा झोत रस्त्याच्या उजव्या कडेकडे उचललेला असतो. आपल्याकडे तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. होटगी रस्त्यावर मला एका ट्रकचालकाने थांबवून जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पुढच्या दिव्याची काच आणायचीच असेल तर ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून पाहावी. तिथेही ही गाडी उजव्या सुकाणूची विकली जात होती.

जुनं_ते_सोनं (पुणे)

मूळ रूपाविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हीए’ क्रमांकाची नोंदणी आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कड्या, रबरे, काचा बदलल्याने काही बिघडत नाही. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. आपण रविवारी फेरी मारता असे लिहिले आहे, तेव्हा त्या नोंदणीत जाण्यापूर्वी विचार करावा. मी स्वतः माझ्या गाडीची साधी पुनर्नोंदणीच करून घेतली, कारण गाडी झाकून ठेवण्यासाठी पाळलेली नाही.

कुर्लाकर

माझ्या पहिल्या प्रतिसादात मी जरा घाईने लिहिले, हे मान्य करतो. त्रिकोणी काचेची कडी मीही दहा वर्षांत धड पाहिलेली नाही. जाण्यापूर्वी आपण मापे कशी घेतली हे सविस्तर लिहाल का? माझा भाचा जर्मनीत आहे, आणि तिथे हाइलब्रॉनमध्ये हीच ११०० ‘नेकार’ या नावाने बनत असे.

डिलाइट६७ (सोलापूर)

सांगतो. रबराचा दोन इंचांचा तुकडा कापून सोबत नेला, कारण रबराचा आडवा छेद चित्राने समजत नाही. चेपलेला तुकडा खरे माप दाखवत नाही, म्हणून तो जिथे कमीत कमी दबला होता त्या कोपऱ्यातून घेतला. दिव्याच्या काचेची बाह्यरेषा आणि स्क्रूंची छिद्रे मुलीच्या ट्रेसिंग कागदावर उतरवली. मोडक्या कड्या तशाच सोबत नेल्या आणि विक्रेत्यासमोर ठेवल्या. पुतणीच्या इटालियनपेक्षाही त्या लवकर बोलल्या. शिवाय प्रत्येक भागावर ओतलेले किंवा ठोकलेले क्रमांक वहीत लिहिले होते, आणि दोन ठिकाणी विक्रेत्याने भाग न पाहता केवळ क्रमांकावरून नकार दिला, त्यामुळे बराच वेळ वाचला. इंजिनाचे माप मात्र नेले नव्हते, कारण इंजिनाचे काहीच घ्यायचे नाही असे ठरले होते. त्याची शिक्षा कपाटात आहे.

आज सकाळी यंत्रमागवाल्यांनी सुचवल्याप्रमाणे डाव्या कडीला नायलॉनचे बुश घालून घेतले. टर्नरने पैसे घेतले नाहीत, गाडीत बसून सात रस्त्यापर्यंत चक्कर मागितली. दोन्ही त्रिकोणी काचा सहा वर्षांत प्रथमच आतून बंद झाल्या. मागच्या दिव्याची काच मात्र बसली नाही. बाहेरची रेषा तंतोतंत जुळते, पण स्क्रूंमधले अंतर तीन मिलिमीटरने कमी आहे. ट्रेसिंग काढताना कागद सरकला असावा. काचेला नवे छिद्र पाडण्याचे धाडस होत नाही.

कुर्लाकर

छिद्र पाडू नका. माझ्याकडे १९६९ च्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा मागचा डावा दिवा आहे, काच शाबूत आहे, बूड गंजलेले आहे. ट्रेसिंग पुन्हा, या वेळी काचेवर कागद चिकटपट्टीने घट्ट धरून काढा आणि पाठवा. जुळले तर शुक्रवारी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणाऱ्या माझ्या मेव्हण्याच्या हाती देतो. मोबदल्यात मला ती दाराच्या तळाची रबरे द्या, भिंतीवर लावण्यासाठी.